धुलबहान्ते हे सोमाली कुळ कोणतं? ते लोक कसे जगतात?

उत्तर सोमालियातल्या सूल, सनाग भागातलं हे पशुपालक कुळ. दारोद समूहातल्या हर्ती शाखेचं. नाव गाजलं दरवेशांच्या (सोमाली धर्मयोद्ध्यांच्या) लढ्यामुळे: त्यांचे पुढारी, इंग्रजांशी वीस वर्षं झुंजलेले सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांची आई याच कुळातली. १९२० मध्ये इंग्रजांनी त्यांच्या तलेहच्या किल्ल्यांवर विमानांतून बॉम्ब टाकले.

परंपरेने तरुण पोरं उंट घेऊन लांब रानोमाळ जातात. शेळ्यामेंढ्यांना पाणी वरचेवर लागतं, म्हणून बायकामुलं त्यांना घेऊन विहिरींच्या आसपास राहतात. घर म्हणजे वाकवलेल्या काठ्यांवर चटया. ते उभारायचं, मोडायचं, उंटावर लादायचं, सगळं बायकांकडे. (पुरुष झाडाखाली बैठकीला!)

भावकी मात्र कडक. खुनाची भरपाई उंटांत, मारल्या गेलेल्या पुरुषामागे शंभर. आणि ती खुनी एकटा नाही, सगळी भावकी मिळून भरते.