अकरावीला पृष्ठवंशीयांची उत्क्रांती कशी शिकवावी? मुले वर्गांची यादी पाठ करतात, पण त्यांना संबंध कळत नाहीत.

यादी बाजूला ठेवा, सुरुवात मासळीबाजारातून करा. गोव्यात त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. एक बांगडा आणि एक छोटी मोरी (शार्क) आणा. मोरीचा सांगाडा कूर्चेचा, सुरीने सहज कापला जातो. कल्ल्यांच्या फटी उघड्या. बांगड्याची हाडे खरी, कल्ल्यांवर झाकण. कूर्चेचे मासे आणि हाडांचे मासे या दोन शाखा मुलांच्या हातातच येतात. (वास दोन तास राहतो, खिडक्या उघडा.)

मग गोव्यातल्याच चोडण बेटाच्या खारफुटीत चिखलावर उड्या मारणारे मडस्किपर मासे दाखवा. इथे सावध राहा: मुले लगेच त्यांना आपले पूर्वज म्हणतात. ते किरणपर, म्हणजे पातळ काड्यांवर ताणलेल्या परांचे, मासे आहेत. चतुष्पाद, म्हणजे चार पायांचे पृष्ठवंशीय, आले मांसल परांच्या माशांतून. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेत सापडलेला, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिकटालिक हा जीवाश्म त्याच वाटेवरचा. त्याच्या परात दंड, कोपर आणि मनगटासारखी हाडे दिसतात. त्याच्या चित्राशेजारी कोंबडीचा पंख सोलून ठेवा, म्हणजे हाडांची तीच मांडणी मुलांना दिसेल.

उभयचर म्हणजे फक्त बेडूक नव्हे. सह्याद्रीतले बिनपायांचे देवगांडूळ जरूर सांगा. परीक्षेत मात्र नावे विचारतील, ती शेवटच्या आठवड्यात घोकून घ्या.