मादी कीटक नराला झिडकारते ती त्याची ताकद जोखायला का?

तुमचं म्हणणं असं की मादी नराला झटकते, जो तरीही टिकून राहतो तोच तिला हवा असतो, म्हणजे हे एक प्रकारचं स्वयंवरच. मला यातलं निम्मंच पटतं. उरलेल्यासाठी स्वयंपाकघरात या.

आमच्या गोरेगावच्या घरी पावसाळ्यात चवळीच्या डब्यात हमखास भुंगे होतात. आई डबा फेकायला निघते, मी तो घेऊन खिडकीशी बसते (कीटकशास्त्रात एम.एस्सी. केल्याचा घराला झालेला एकमेव उपयोग). दाण्यांवर चिकटलेले पांढरे ठिपके ही त्यांची अंडी. मीलन सुरू होऊन थोडा वेळ गेला की मादी मागच्या पायांनी नराला लाथा हाणायला लागते. बघणाऱ्याला नखरे वाटतील. पण या नराच्या जननेंद्रियावर काटे असतात आणि मादीला आतून जखमा होतात. क्रजिंग्टन आणि सिव्हा-जोथी या संशोधकांनी मादीला लाथा मारता येऊ नयेत अशी सोय करून पाहिलं, तेव्हा मीलन लांबलं आणि जखमाही वाढल्या. हा अभ्यास 2000 सालचा. यात परीक्षा कसली घेतेय ती, अंग वाचवतेय!

पाण्यावर घसरत फिरणारे लांब पायांचे किडे पाहिले असतील. तिथेही नर पाठीवर बसला की ओझं तिच्यावर, धोकाही तिलाच, म्हणून ती उसळ्या मारते. अर्नक्विस्ट आणि रो या संशोधकांनी 2002 मध्ये या किड्यांच्या 15 जाती तपासल्या. नराचे पकडीचे अवयव जिथे सरस, तिथे मादीची सुटकेची हत्यारंही साधारण तेवढीच सरस निघाली.

आता तुमचं निम्मं. मादीच्या मनात काही का असेना, जो नर झटकला जातो त्याची पिल्लं होत नाहीत. लैंगिक निवड (म्हणजे मीलन कुणाला साधतं यावरून कुणाची पिल्लं होणार याची गाळणी) होतेच, फक्त तिला कुणी ‘निवड कर’ म्हटलेलं नसतं.

आणि हा विरोध कायम एकसारखा नसतो. चवळीच्या भुंग्यांत तहानलेली मादी जास्त वेळा मीलन करते, कारण वीर्याबरोबर तिला पाणी मिळतं. आमच्या डब्यात पाणी कुठलं? आई तर झाकण घट्ट लावून वर कडुलिंबाचा पाला ठेवते.