एकट्याने शिडाची बोट चालवताना टिलर लॉक कसा बसवावा? क्लीट कुठे लावायचे?

तुम्ही विचारलंय की २२ फुटी जुनी बोट आहे, बहुतेक वेळा एकटेच असता, शीड चढवायला टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) सोडून पुढे गेलं की बोट भलतीकडे वळते, तर टिलर लॉक, म्हणजे टिलर आहे तिथे धरून ठेवणारं साधन, घ्यावा का आणि बसवायचा कसा. घ्याच. मीही पुण्यातलाच, बोट मुंबईला, शनिवारी पहाटे उठून एक्स्प्रेसवे तुडवत यायला दुसरं कोण तयार होणार, त्यामुळे माझंही सगळं एकट्यानेच चालतं.

डेव्हिसचा टिलर टेमर दांड्यावर स्क्रूने बसतो, त्यातून दोन्ही बाजूंच्या कोमिंगपर्यंत (कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोलगट जागेच्या, उंच कडेपर्यंत) दोरी जाते आणि वरचा नॉब पिळला की दोरी धरली जाते. टिलरक्लच दांड्याच्या खालून बसतो, त्याला नॉबऐवजी खटका असतो. मला खटका बरा वाटतो, कारण घाईत नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा हेच आठवत नाही. दोरी ५-६ मिलीमीटरची, कमी ताणणारी पॉलिएस्टरची घ्या, नायलॉन नको, ते रबरासारखं ताणतं.

आता क्लीट, म्हणजे दोरीची टोकं अडकवायच्या खुंट्या, इथेच मी माती खाल्ली होती. टिलर मधोमध ठेवला, डिव्हाइसच्या बरोबर समोर दोन्ही बाजूंना क्लीट ठोकले, दोरी छान ताणून बांधली आणि टिलर ३० अंश ढकलायला गेलो तर हलेचना, दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी. घरी पाटावर खिळे ठोकून दोरा लावून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. टिलर सरळ रेषेत सरकत नाही ना, कमानीत फिरतो, त्यामुळे सुकाणूच्या पिनपासून डिव्हाइस ८० सेंटीमीटरवर असेल तर ३० अंशांना ते जवळजवळ ११ सेंटीमीटर मागे जातं, आणि माझ्या १२० सेंटीमीटर रुंद कॉकपिटमध्ये त्यासाठी साधारण ३ सेंटीमीटर जास्त दोरी लागत होती, ती कुठून येणार? क्लीट ५ सेंटीमीटर मागे घेतले, आता फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास राहतो आणि तेवढा ढिला सोडला की झालं. म्हणून आधी जी-क्लॅम्पने क्लीट तात्पुरते लावा, एक दिवस चालवून बघा, मगच ड्रिल हातात घ्या. माझ्या कोमिंगला अजून दोन बुजवलेली भोकं आहेत, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे काय.

स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच, ते खाऱ्या पाण्यात कमी गंजतं. बोहरी आळीत एका दुकानात मला '३१६च आहे साहेब, मॅग्नेट लावून बघा' म्हणून दिले आणि दोन महिन्यांत तांबूस डाग. मॅग्नेट न चिकटणं हा पुरावा नाही, स्वस्तातल्या २०२ स्टेनलेसलाही तो फारसा चिकटत नाही. क्लीटला स्क्रूपेक्षा आरपार बोल्ट आणि आतून पट्टी लावा, भोकात सीलंट भरा. लाकडी टिलरला आधी बारीक पायलट होल, नाहीतर दांडा चिरतो.

वापरताना एक लक्षात घ्या, हा ऑटोपायलट नाही. तो फक्त टिलर आहे तिथे धरतो, बोट वळली तर त्याला काही कळत नाही. आधी शिडं अशी सोडा की टिलरवर हलका हात ठेवला तरी बोट सरळ जाईल, मग लॉक करा. मेन (मुख्य शीड) फार ताणलं असेल तर झोत आला की बोट कलते आणि लॉक असूनही वाऱ्याकडे तोंड वळवते, त्यामुळे दुपारी खारे वारे जोरात सुटले की मी आधी रीफ करतो, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करतो. वाऱ्याच्या तोंडाकडे चाललोय तेव्हा मस्त काम होतं, मागून वारा असेल तर मी लॉक लावतच नाही, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) अचानक या बाजूची त्या बाजूला गेली तर डोकं फुटायचं. आणि लॉकचं घर्षण एवढंच ठेवा की जोरात ढकललं तर टिलर हातानेही हलेल.

हो, आणि लॉक लावून पुढे जाताना हार्नेस (आपल्याला बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) बांधलेलाच हवा. एरवी टिलर सुटला की बोट बहुतेक वेळा वाऱ्यात तोंड घालून थांबते, पण लॉक असेल तर तुम्ही पाण्यात आणि बोट आपली सरळ चाललीये अलिबागला.

टिलरची लांबी आणि कॉकपिटची रुंदी टाका इथे, क्लीट किती मागे घ्यायचे ते काढून देतो, पाट अजून आहे माझ्याकडे.