टीव्हीवरचे स्वयंपाकतज्ज्ञ आणि घरदुरुस्तीतले जाणकार तिथवर पोचतात तरी कसे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बरीच वर्षं व्यावसायिक स्वयंपाकघरात काम करताय, तुमचे मिस्टर सुतारकामाची आणि घरदुरुस्तीची कामं घेतात, आणि दोघांनाही टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून यायची इच्छा आहे. त्यासाठी सूत्रसंचालनाचा कोर्स करावा की हातातलं काम वाढवावं? आणि चाळिशी जवळ आली, म्हणजे उशीर झालाय का? मी बराच काळ अशा कार्यक्रमांच्या निर्मितीत, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला होते, म्हणून सविस्तर लिहिते.

कोर्स आत्ता नको. या क्षेत्रात टिकलेल्या लोकांचे रस्ते पाहिले, तर बहुतेकांकडे टीव्ही आला तेव्हा हातात आधीच एक पक्कं काम होतं आणि ते काम दुसऱ्याला समजावून सांगायची सवय होती. यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. उत्तम शेफ पुष्कळ असतात, उत्तम सुतारही असतात. पण हात चालू असताना, न थांबता, आपण हे असं का करतोय ते सांगू शकणारी माणसं खरोखर कमी सापडतात. आम्ही शोधायचो ती हीच माणसं.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या बॉस्टनला जावं लागेल, कारण आज ज्याला आपण स्वयंपाकाचा किंवा घरदुरुस्तीचा कार्यक्रम म्हणतो त्याचा साचा बराचसा तिथल्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीवर घडला. आणि दोन्ही प्रकारांमागे निर्माता-दिग्दर्शक एकच होता, रसेल मोरॅश. १९६३ साली सुरू झालेला स्वयंपाकाचा 'द फ्रेंच शेफ' त्याचा आणि १९७९ सालचा घरदुरुस्तीचा 'धिस ओल्ड हाउस'ही त्याचाच. त्याने निवडलेली माणसं पाहिली की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

'द फ्रेंच शेफ'ची ज्युलिया चाइल्ड घ्या. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकी गुप्तचर खात्याच्या कचेरीत काम करत होती. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे पॅरिसला गेली आणि १९४९ मध्ये, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी, 'ल कॉर्दों ब्ल्यू' या पाकशाळेत स्वयंपाक शिकू लागली. मग दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर शिकवण्या घेतल्या आणि अमेरिकी घरात फ्रेंच स्वयंपाक जमावा म्हणून एक जाडजूड पुस्तक लिहायला घेतलं. त्यात जवळजवळ दशक गेलं. एका प्रकाशकाने ते नाकारलं, शेवटी १९६१ मध्ये ते नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढलं. पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी ती डब्ल्यूजीबीएचच्या पुस्तकविषयक कार्यक्रमात गेली, तेव्हा गप्पा मारत न बसता तिने एका छोट्या हॉटप्लेटवर ऑम्लेट करून दाखवलं. ही बाई पुन्हा दाखवा म्हणून प्रेक्षकांची पत्रं आली, वाहिनीने चाचणीचे तीन भाग केले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये मालिका सुरू झाली. तेव्हा ज्युलिया पन्नास वर्षांची होती. तुमच्या उशिराच्या शंकेला माझं उत्तर इथेच आहे.

आता तिचं काम जरा जवळून पाहा, कारण तुम्हाला नेमकं हेच करावं लागेल. पहिला भाग होता बफ बूर्गिन्यों, म्हणजे वाइनमध्ये तासन्‌तास शिजवायचं गोमांस. कार्यक्रम अर्ध्या तासाचा. म्हणजे एकच पदार्थ वेगवेगळ्या टप्प्यांवर आधी तयार ठेवायचा: एक भांडं कच्च्या मांसाचं, एक अर्धवट शिजलेलं, एक वाढायला तयार. या टप्प्यांतून उड्या मारत जाताना बोलण्याचा धागा तुटता कामा नये. त्यात चित्रीकरण जवळपास सलग चालायचं, मध्येच थांबणं महागात पडायचं. एका भागात तव्यातला बटाट्याचा पॅनकेक उलटताना तो शेगडीवर सांडला. तिने तो गोळा करून परत तव्यात टाकला, स्वयंपाकघरात एकटे असताना पाहणारं कोण आहे असं म्हणाली आणि पुढे गेली. (तिच्या हातून कोंबडी जमिनीवर पडली ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तसं काही झालं नव्हतं.) गडबडीनंतर ती सहज पुढे जाऊ शकली, कारण तो पदार्थ तिने इतक्या वेळा केला आणि शिकवला होता की कुठे बिघडतो आणि कसा सावरायचा हे तिला पाठ होतं. कॅमेऱ्यासमोरचा आत्मविश्वास म्हणतात तो असा येतो, तो वेगळा शिकवता येत नाही.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांच्या क्षेत्रात एक मोठा फरक आहे, तो आधी समजून घ्या. पदार्थ अर्ध्या तासात दाखवता येतो, म्हणून स्वयंपाकात बोलणारा आणि करणारा बहुतेकदा एकच असतो. घराचं काम महिनोन्‌महिने चालतं, त्यात पाया घालणारा वेगळा, नळकाम करणारा वेगळा, सुतार वेगळा. त्या सगळ्यांना जोडणारं आणि प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारणारं एक माणूस लागतं. म्हणून तिथे भूमिका दोन होतात: सूत्रसंचालक आणि कारागीर. दोन्हीकडे जायचे रस्ते अगदी निराळे आहेत, आणि आपण कुठल्या रस्त्याचे आहोत हे मिस्टरांनी आधी ठरवावं.

'धिस ओल्ड हाउस'चा कारागीर होता नॉर्म अब्राम. विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला, पण वडिलांच्या हाताखाली सुतारकामात मुरलेला, स्वतःची छोटी बांधकाम कंपनी चालवणारा. मोरॅशने त्याला स्वतःच्या घरामागे एक कोठारवजा इमारत बांधायला बोलावलं होतं. काम चालू असताना मोरॅशचं लक्ष गेलं ते उरलेल्या लाकडाच्या ढिगाकडे. तो ढीग फारच छोटा होता. मोरॅशचे वडीलही बांधकामातले, त्यामुळे त्याचा अर्थ त्याला लगेच कळला: हा माणूस आधी मापतो, विचार करतो, मगच करवत लावतो. नॉर्मला कार्यक्रमात घेतलं ते या ओळखीतून. पुढे तो २०२२ पर्यंत तिथे होता. शिवाय १९८९ ते २००९ या काळात 'द न्यू यांकी वर्कशॉप' हा फर्निचरचा कार्यक्रम त्याने केला. त्यात यंत्र सुरू करण्याआधी तो सुरक्षा-चष्म्याची आठवण करून द्यायचा. कार्यक्रमात बनवलेल्या वस्तूंचे मापांसकट आराखडेही प्रेक्षकांना विकत मिळायचे, हे लक्षात ठेवा, पैशांबद्दल पुढे लिहिते.

मला ही लाकडाच्या ढिगाची गोष्ट फार मोलाची वाटते. मिस्टरांना कुणी निवडलं तर ते त्यांच्या कामाच्या जागेवर पाहून निवडण्याचीच शक्यता जास्त आहे. ती जागा कशी ठेवलीय, हत्यारं कुठे आहेत, घरमालकाशी ते कसे बोलतात, चूक निघाली तर काय करतात, हेच पाहिलं जातं.

सूत्रसंचालकाचा रस्ता वेगळा. तिथला पहिला सूत्रसंचालक बॉब विला. पत्रकारितेची पदवी, मग पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे पनामात काम, मग बॉस्टन परिसरात घरं दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय. म्हणजे बोलणं आणि बांधकाम दोन्ही अंगात. त्याच्यानंतर आलेला स्टीव्ह थॉमस हा दर्यावर्दी. प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांवरच्या पारंपरिक नौकानयनावर त्याने पुस्तक लिहिलं होतं, स्वतःचं जुनं घरही दुरुस्त केलं होतं. आणि २००३ पासून आजतागायत सूत्रसंचालन करणारा केविन ओकॉनर तर बँकेत नोकरीला होता. आपल्या जुन्या घराची अडचण घेऊन तो 'आस्क धिस ओल्ड हाउस' या जोडकार्यक्रमात घरमालक म्हणून आला आणि निर्मात्यांच्या नजरेत भरला. कशामुळे? त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं आणि ते लपत नव्हतं. सूत्रसंचालकाला कामाची समज लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती कारागिराला बोलतं करण्याची हातोटी. तुमचे मिस्टर मुळात कमी बोलणारे असतील तर त्यांनी ओढूनताणून सूत्रसंचालक होऊ नये. नॉर्म अब्रामही बडबड्या नव्हता, आणि लोकांचा विश्वास बसला तो त्याच्यावरच.

पैशांचं. टीव्हीवर दिसणं आणि टीव्हीतून पोट भरणं यांत मोठं अंतर आहे. ज्युलियाला सुरुवातीला एका भागाचे ५० डॉलर मिळायचे. या लोकांची खरी कमाई बाजूच्या गोष्टींतून झाली: पुस्तकं, शिकवण्या, आराखडे, स्वतःचा व्यवसाय, जाहिराती. जाहिरातींत मात्र पाय जपून टाका. बॉब विला १९८९ मध्ये 'धिस ओल्ड हाउस'मधून बाहेर पडला तो यावरूनच. त्याने रिकेल या गृहसामान विकणाऱ्या दुकानसाखळीच्या जाहिराती केल्या. कार्यक्रमाला आर्थिक पाठबळ देणारी होम डेपो ही तिची स्पर्धक, तिने पाठबळ काढून घेतलं आणि विलाला जावं लागलं. तो पुढे उभा राहिला, १९९० पासून 'होम अगेन' हा स्वतःचा कार्यक्रम केला, तेव्हा त्याच्या मागे सिअर्स ही दुकानसाखळी होती. पण प्रत्येकाला असं दुसरं दार सापडत नाही. करार वाचताना मानधनाच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहा: तुम्ही दुसऱ्या कुणाची जाहिरात करू शकता का, कार्यक्रमात तयार झालेल्या पाककृती आणि आराखडे कोणाच्या मालकीचे, आणि कार्यक्रम बंद पडल्यावर तुमचं नाव वापरायचा हक्क कोणाकडे राहतो. माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या शेफला स्वतःच्याच पाककृतींचं पुस्तक काढता आलं नाही, कारण सही करताना दुसरा मुद्दा कुणी वाचला नव्हता.

आणखी काही दारं आहेत, ती भरभर सांगते. ऑल्टन ब्राउन उलट दिशेने आला. आधी कॅमेरामन होता, स्वयंपाकाचे कार्यक्रम त्याला कंटाळवाणे वाटत, म्हणून तो पाकशाळेत गेला, १९९७ मध्ये शिकून बाहेर पडला आणि 'गुड ईट्स' केला. ब्रिजेट लँकेस्टर आणि ज्युलिया कॉलिन डेव्हिसन या 'अमेरिकाज टेस्ट किचन'मध्ये पाककृती पुन्हा पुन्हा करून तपासणाऱ्या स्वयंपाकी म्हणून लागल्या आणि वर्षांनंतर त्याच कार्यक्रमाच्या मुख्य सूत्रसंचालक झाल्या. रेचल रे एका खाद्यपदार्थांच्या दुकानात काम करायची. माल खपावा म्हणून तिने तीस मिनिटांत जेवण करायचे वर्ग सुरू केले, तिथून स्थानिक वृत्तवाहिनी आणि २००१ मध्ये फूड नेटवर्क ही खाद्यविषयक वाहिनी. टीव्हीवरच्या स्पर्धा हाही रस्ता आहे, गाय फिएरी हा शेफ २००६ मध्ये तसाच आला. पण स्पर्धेतून आलेले आणि नंतर कुठे दिसेनासे झालेले कितीतरी जास्त, म्हणून मी त्या रस्त्यावर फार भिस्त ठेवणार नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी आयुष्य मला झाक पेपँ या फ्रेंच शेफचं वाटतं. तेराव्या वर्षी फ्रान्समधल्या एका हॉटेलात उमेदवारी, पुढे फ्रान्सच्या राष्ट्रप्रमुखांचा स्वयंपाकी, १९५९ मध्ये अमेरिकेत. तिथे केनेडींच्या व्हाइट हाउसमधली शेफची जागा नाकारून त्याने हॉवर्ड जॉन्सन या उपाहारगृहांच्या साखळीत नोकरी धरली आणि दहा वर्षं मोठ्या प्रमाणावर एकसारखी चव कशी राखायची ते शिकला. नोकरी करता करता कोलंबिया विद्यापीठातून पदवीही घेतली. १९७४ मध्ये वाटेत आलेल्या हरणामुळे त्याच्या गाडीला अपघात झाला, त्यात हाडं इतकी मोडली की रेस्टॉरंटच्या भटारखान्यात दिवसभर उभं राहणं अशक्य झालं. मग तो शिकवण्याकडे आणि लिहिण्याकडे वळला. १९७६ मध्ये त्याने निव्वळ हातांच्या क्रियांचं, छायाचित्रांतून शिकवणारं पुस्तक काढलं. टीव्ही त्यानंतर मोठा झाला. भटारखान्यात शरीर किती झिजतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गुडघे आणि पाठ कुरकुरायला लागायच्या आधीच शिकवायला सुरुवात करा.

म्हणजे आत्ता काय करायचं? तुम्ही आठवड्याला एक छोटा वर्ग घ्या, पाच-सहा जण पुरेत, पण घरी स्वयंपाक करणारे, व्यवसायातले नकोत. ते जे प्रश्न विचारतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पहिला विषय कांदा परतणे हाच घ्या. साधा वाटतो, पण त्यात सगळं आहे: आवाज कसा बदलतो, कडा केव्हा पारदर्शक होतात, वास गोडसर कधी होतो, सोनेरी आणि करपलेला यांत किती थोडा वेळ असतो, आणि आच कमी करायची ती का. हे बोलत बोलत, एकदाही न अडखळता करता आलं की कॅमेरा लावा.

मिस्टरांनी सुरुवात घासणाऱ्या दारापासून करावी. दार कुठे घासतंय ते पाहणं, बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत की लाकूड फुगलंय ते ओळखणं, आणि रंधा लावायच्या आधी स्क्रू आवळून बघणं. निदान आणि दुरुस्ती दोन्ही एकाच बैठकीत संपतात, म्हणून सरावाला हा विषय चांगला. प्रश्न विचारायला तुम्हीच उभ्या राहा, आणि उत्तर आधीच माहीत असलेलं विचारू नका, खरंच न समजलेलं तेवढंच विचारा. पहिली काही चित्रीकरणं झाली की इथे कळवा, मी पाहून सांगेन.