नवीन वॉर्ड इन्चार्ज सिस्टर झालीस? आधी एवढंच बघ

अभिनंदन गं! मी नाशिकरोडला पहिल्यांदा इन्चार्ज झाले तेव्हा महिनाभर सगळ्यांची कामं स्वतःच करत बसले, सलाईन लावण्यापासून औषधांच्या इंडेंटपर्यंत (स्टोअरकडची मागणी), आणि ड्युटी लिस्ट राहिली ती राहिलीच. ही चूक नवीन माणूस हमखास करतो.

सध्या दोनच गोष्टी धर:

1) हँडओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती घेणं) बेडजवळच घे, काउंटरवर चहा पीत नको. आत्ता काय होतंय, आधी काय झालं, तुला काय वाटतं, पुढे काय करायचं, ह्याच क्रमाने. शिफ्ट बदलतानाच गोष्टी निसटतात बघ.

2) नाइट ड्युट्या सगळ्यांना समान वाटून दे. मैत्रिणीला एकदा सूट दिलीस की संपलं.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर आता पेशंटचा 14 अंकी आभा नंबर (आरोग्य नोंदींसाठीचा ओळख क्रमांक), ऑनलाइन नोंदी हे वाढतच जाणारे, पण जुन्या सिस्टर कीबोर्डला बिचकतात, त्यांना चारचौघांत बोलू नकोस, एखादी नवीन जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) झालेली पोरगी शेजारी बसव, दोघी शिकतात (आमच्याकडे तरी जमलं). एआयचे कोर्स वगैरे वर्षभराने बघू.

आणि हो, 2027 चा नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेव, कोणाला कधी रजा हवीय ते बरंच आधी विचारून घे.