युवा गटातल्या मुलाने मला सांगितलं की तो समलैंगिक आहे. ख्रिस्ती म्हणून मी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीकडच्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या विभागात, तुम्ही युवा गट सांभाळता, गटातल्या २२ वर्षांच्या मुलाने रडत रडत तुम्हाला हे सांगितलं आणि घरी अजून कुणालाच माहीत नाही. फादरना सांगू का, त्याच्या आईला सांगू का आणि चर्चची शिकवण नेमकी काय, असं तुम्ही विचारलंय.

निकडीचं आधी. फादरना सांगू नका, आईलाही सांगू नका. त्याने ते तुम्हाला सांगितलंय, पॅरिशला नाही. गावठाणात गोष्ट पसरते ती बहुतेक वेळा चांगल्या मनानेच पसरते. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रार्थना गटात एक ओळ टाकतं, ‘आपल्या एका तरुणासाठी प्रार्थना करा, तो वेगळ्या वाटेला लागलाय.’ नाव नसतं, पण खाली कुणी तरी ‘कॉयरमधला का?’ विचारतं आणि रात्रीपर्यंत ते आईच्या फोनवर पोहोचतं. म्हणून बिननावाची प्रार्थनाविनंतीसुद्धा नको. एकट्याने प्रार्थना करा.

त्याला स्वतःला फादरशी बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली देताना, सांगितलेलं फादर कुणालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाहीत. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ९८३ नुसार ते गुपित अभंग आहे. ऑफिसात चहा पिताना झालेल्या बोलण्याला मात्र ते बंधन त्याच अर्थाने लागू होत नाही. हा फरक त्याला आधीच समजावून सांगा. फादर कसे आहेत ते चाचपायला ‘एखादा मुलगा असं सांगत आला तर?’ असं विचारायचा मोह होईल, पण तुमच्याच पॅरिशमध्ये विचारलंत तर ते लगेच अंदाज बांधतील. शेजारच्या पॅरिशमध्ये विचारा.

आता शिकवण. ती मऊ करून सांगू नका, कारण तो ती मोबाइलवर वाचणारच आहे, किंबहुना वाचून झालेली असेल. पण अर्धीही सांगू नका. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद २३५७ ते २३५९ एकत्रच वाचायचे असतात. समलैंगिक कृतींना चर्च मान्यता देत नाही, हे पहिल्यात आहे. दुसऱ्यात या व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही दिसू नये, असं आहे. तिसऱ्यात त्यांना शुद्धतेचं, म्हणजे लैंगिक संयमाचं, आवाहन आहे. पहिला परिच्छेद तोंडपाठ असलेले लोक भरपूर भेटतात. दुसराही तितकाच बंधनकारक आहे, हे सांगणारे कमी. १९८६ साली रोमहून बिशपांना गेलेल्या पत्राची भाषा कडक आहे, पण निव्वळ कल असणं हे पाप नाही, हे त्यातही स्पष्ट आहे. म्हणजे ‘मला मुलं आवडतात’ एवढ्याच गोष्टीसाठी त्याने कन्फेशनला जायची गरज नाही. हे वाक्य त्याला सांगा. अनेक मुलं वर्षानुवर्षं याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकत असतात.

बायबलची वचनंही तो काढेल. लेवीय १८:२२, रोमकरांस १:२६-२७ आणि करिंथकरांस पहिलं पत्र ६:९ ही नेहमीची. देवाने नष्ट केलेल्या सदोम शहराचा विषय निघाला तर यहेज्केल १६:४९ उघडा. तिथे सदोमचा अपराध म्हणून गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबाला हात न देणं सांगितलंय. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचणाऱ्याने तिथेच थांबू नये, दुसऱ्या अध्यायाची पहिली ओवीही वाचावी, ती इतरांचा न्याय करणाऱ्यालाच उद्देशून आहे. करिंथकरांतल्या ग्रीक शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहे. पण पहिल्या भेटीत वचनांचा वाद नकोच, तो तिथे परीक्षेला आलेला नाही.

मुंबईपुरती एक गोष्ट लक्षात असू द्या. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा इथले तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी चर्चने समलैंगिकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही, असं जाहीरपणे म्हटलं होतं. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांचे संमतीचे संबंध देशात गुन्हा नाहीत. ‘पोलीस पकडतील’ ही धमकी घरून आली तर हे माहीत असावं.

भेट कुठे ठेवायची? घरी नाही, दहा बाय बाराच्या खोलीत पडद्याआड आजी असते. चर्चच्या आवारातही नाही. गोराईच्या जेट्टीपासून किनाऱ्यापर्यंत चालत बोला. शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालून बोलायचा ताण नसतो आणि शांतता झाली तरी अवघडत नाही. तासभर द्या, त्यात तुमचं बोलणं दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. ‘मला सांगितलंस, बरं केलंस. आणखी कुणाला माहीत आहे? घरी कळलं तर काय होईल असं वाटतं?’ एवढे प्रश्न पुरतात. ‘नक्की का? एखादी मुलगी भेटली नसेल’ हे नको.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ‘बरं करण्याच्या’ नादात. आईला कळलं की ती त्याला माहीमच्या चर्चला नेते, नऊ बुधवार नोव्हेना (सलग नऊ वेळा करायची प्रार्थना), ‘माझ्या मुलाला नॉर्मल कर’ अशी विनंती. नऊ बुधवार संपतात, तो तसाच असतो आणि त्याच्या मनात एकच निष्कर्ष उरतो, की देवाने आपल्याला नाकारलं. नोव्हेनेत वाईट काहीच नाही, मागणं चुकीचं आहे. त्यापुढची पायरी म्हणजे उपचार किंवा सैतान काढणं. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच ती आजारांच्या यादीतून वगळली आणि ती ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. आणि लग्न हा उपाय कधीच सुचवू नका. त्यात एका अजाण मुलीचं आयुष्यही पणाला लागतं.

जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला, त्यातून कसं करायचं हेही ठरवलेलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका, टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन लावा आणि घरच्यांना बोलवा. गुपित इथे मोडावं लागतं, पण गरजेपुरतंच. ‘तो फार खचलाय, त्याच्याजवळ थांबा’ एवढं सांगितलं तरी काम होतं. कशामुळे, ते त्याचं त्याला सांगू द्या. मुलगा १८ वर्षांखालचा असता आणि कुणी मोठ्या माणसाने अत्याचार केल्याचं बोलला असता, तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक असतं. ही वेगळी बाब आहे, त्यात गुपित पाळायचं नसतं.

आई-वडिलांना सांगायचंच झालं तर तारीख त्याने ठरवावी, आणि राहायला दुसरी जागा, हातात थोडे पैसे आणि आधारकार्ड आधी तयार असावं. आईला तिच्यासारख्याच आया भेटल्या तर फार फरक पडतो. मुंबईत ‘स्वीकार’ हा अशा पालकांचाच गट आहे. मुलासाठी सांताक्रूझचा हमसफर ट्रस्ट आहे, समलैंगिकांसाठीची ही संस्था १९९४ पासून काम करतेय.

आणि येत्या रविवारी तो मिस्सेत वाचन करणार असेल, तर ते त्यालाच करू द्या. ‘सध्या जरा आराम कर’ असं म्हणून यादीतून नाव काढलंत, तर का काढलं ते त्याला न सांगताही कळेल.