पावसाळ्यात रक्ताचा स्मिअर (काचेवरचा पातळ थर) काढताना

ठाण्यात जून लागला की स्लाइड वाळता वाळत नाही, हे आधी ध्यानात घे. थेंब छोटाच घे, स्प्रेडर (रक्त पसरवायची काच) ३० ते ४५ अंशांत धर आणि एका दमात ओढ. मध्येच अडखळलास की पट्टे उमटतात. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर कोन थोडा वाढव, रक्त घट्ट असेल तर कमी कर.

स्लाइड लगेच पंख्याखाली वाळव. रेंगाळलास तर लाल पेशींत चकाकणारी भोकं दिसतात आणि नवखा माणूस त्यांना मलेरियाचे परजीवी समजून बसतो. फोकस वरखाली करून बघ: भोक चमकतं, परजीवी चमकत नाही. मिथेनॉलची बाटलीही उघडी टाकू नकोस, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

लिशमन (पेशी रंगवायचा रंग) दोन मिनिटं तसाच, मग दुप्पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), ६.८ पीएचचा. पुढची वेळ बाटलीगणिक बदलते, ती तूच ठरव.

मायक्रोस्कोपखाली बघताना थेट ऑइल इमर्शनवर (तेल घालून वापरायच्या मोठ्या लेन्सवर) उडी नको. आधी १० एक्सच्या लेन्सवर स्मिअरच्या शेपटीकडे, म्हणजे पातळ टोकाकडे, फिरून ये. मशीनने प्लेटलेट्स ४०,००० दाखवल्या आणि शेपटीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या सापडल्या, तर मशीनने त्या नीट मोजलेल्या नसतात, तो आकडा रिपोर्टवर जाऊ देऊ नकोस. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये नमुना पुन्हा मागव आणि त्या द्रवाने रक्त पातळ होतं म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुण. सकाळी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या नेहमीच्या) ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त दुपारी स्मिअर काढायला ठेवायची सवय मात्र लावून घेऊ नकोस, काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं रूपच बदलायला लागतं.